आधी नाण्याची कड वाचा: अमेरिकी राष्ट्राध्यक्षांच्या डॉलर संचाविषयी

नाशिकमध्ये नाणी-नोटांच्या प्रदर्शनांतल्या गाळ्यांवर आणि जुनी नाणी ठेवणाऱ्या मोजक्या दुकानांत अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या एक डॉलर नाण्यांचा संच विकायला असतो. पुठ्ठ्याचा घडीचा अल्बम, त्यात चाळीस गोल खाचा, प्रत्येक खाचेखाली राष्ट्राध्यक्षाचं नाव, सोबत मराठी माहितीपुस्तिका आणि भेट म्हणून दोन जादा नाणी, असं त्याचं रूप. मुलांना इतिहासाची गोडी लागावी म्हणून पालक तो घेतात, नवे संग्राहक हौसेने घेतात. आतली डॉलर नाणी खरी आहेत आणि घेण्यासारखी आहेत. अल्बम मात्र या नाण्यांसाठी चुकीचा आहे, पुस्तिकेतला मजकूर अर्धाच भरवशाचा आहे, आणि भेट-नाण्यांची किंमत शून्य धरूनच सौदा करावा.

सर्वांत आधी अल्बमचं, कारण तिथेच गिऱ्हाईक फसतं. आपल्या नाण्यांवर टांकसाळीची खूण सालाच्या खाली असते: मुंबईचा चौकट आकार, हैदराबादचा तारा, नोएडाचा ठिपका, आणि कोलकात्याचं नाणं बिनखुणेचं. नाशिकच्या संग्राहकाची नजर त्यामुळे सवयीने सालाखाली जाते. या डॉलरच्या दोन्ही बाजूंवर टांकसाळीची खूण नाही आणि नाणं पाडल्याचं सालही नाही. दर्शनी बाजूवर राष्ट्राध्यक्षाचा चेहरा, नाव, तो कितवा आणि त्याच्या कारकिर्दीची वर्षं. मागे स्वातंत्र्यदेवतेचा पुतळा, देशाचं नाव आणि एक डॉलर हे मूल्य. नाण्याचं खरं साल आणि टांकसाळीचं अक्षर (फिलाडेल्फियाचं पी, डेन्व्हरचं डी, प्रूफ, म्हणजे संग्राहकांसाठी खास झळाळीत पाडलेल्या नाण्यांवर सॅन फ्रान्सिस्कोचं एस) हे सगळं कडेवर कोरलेलं आहे. पुठ्ठ्याच्या खाचेत नाणं दाबून बसवलं की नेमकी ती कड झाकली जाते. म्हणजे ज्या गोष्टीवर नाण्याची ओळख आणि काही वेळा त्याची किंमत ठरते, तीच अल्बममध्ये दिसत नाही. "पी-डी पूर्ण संच" असं सांगून विकलेल्या अल्बममध्ये खरोखर किती पी आणि किती डी आहेत, हे नाणी बाहेर काढल्याशिवाय कुणालाही सांगता येणार नाही, विक्रेत्यालाही नाही.

यातूनच दुसरी चूक होते आणि ती जास्त महागात पडते. दर्शनी बाजूवर १७८९–१७९७ अशी वर्षं दिसली की अनुभव नसलेला माणूस ते नाणं सव्वादोनशे वर्षांपूर्वीचं समजतो. अशी सुटी नाणी "जुनं दुर्मीळ अमेरिकी नाणं" म्हणून विकली जातात. ओळखायला सोपं आहे: मागे स्वातंत्र्यदेवता आहे, आणि न्यूयॉर्कच्या बंदरातल्या त्या पुतळ्याचं लोकार्पण झालं १८८६ साली. वॉशिंग्टनच्या काळातल्या नाण्यावर तो येणं शक्यच नाही. शेवटचं एक सोडलं तर ही सगळी नाणी २००५ च्या कायद्याने निघाली, पहिलं १५ फेब्रुवारी २००७ रोजी.

त्यामुळे खरेदीचा पहिला नियम असा की विक्रेत्याला नाणी सुटी द्यायला सांगावं आणि अल्बम वेगळा घ्यावा. चांगला विक्रेता नाही म्हणत नाही. नाणी आधीच बसवलेली असतील, तर ती त्याच्याच हाताने, त्याच्याच टेबलावर काढून घ्यावीत. काढताना नाण्याच्या चेहऱ्यावर अंगठा दाबायचा नाही. पुठ्ठा मागून नाण्याच्या काठालगत हलका वाकवला की नाणं एका बाजूने उचललं जातं, मग दोन बोटांनी कडेला धरून घ्यायचं. खाली मऊ कापड अंथरलेलं असावं. पितळी नाणं टणक वाटतं, पण फरशीवर पडलं की काठाला खळी पडते आणि ती पुन्हा भरत नाही.

कड वाचायला दहापट भिंग आणि मोबाईलची बॅटरी पुरते. उजेड समोरून न पाडता बाजूने, जवळजवळ आडवा पाडावा. अक्षरं उठावाची नाहीत, आत खोदलेली आहेत, त्यामुळे आडव्या उजेडात त्यांच्या कडांना सावली पडते आणि ती स्वच्छ वाचता येतात. नाणं दोन बोटांत धरून सावकाश फिरवायचं. २००७ आणि २००८ च्या नाण्यांवर कडेला साल, टांकसाळीचं अक्षर, "इ प्लुरिबस उनम" हे लॅटिन ब्रीद आणि "इन गॉड वुई ट्रस्ट" हे वाक्य मिळेल. २००९ पासून हे दुसरं वाक्य कडेवरून दर्शनी बाजूवर आलं आणि कडेच्या मोकळ्या जागेत तेरा तारे आले, मूळ तेरा वसाहतींचे. हा बदल नुसत्या सजावटीचा नव्हता. देवाचं नाव नाण्यावरून काढलं असा गवगवा अमेरिकेत झाला, लोक तक्रारी करू लागले आणि कायद्यात दुरुस्ती करून ते वाक्य पुन्हा दर्शनी बाजूवर आणलं गेलं.

त्या गवगव्याला एक खरी चूकही कारण झाली. व्यवहारासाठी पाडलेल्या या नाण्यांवर चेहरा आणि पुतळा एका यंत्रावर छापला जाई आणि कडेची अक्षरं नंतर वेगळ्या यंत्रावर उठवली जात. २००७ च्या वॉशिंग्टन डॉलरांपैकी हजारो नाणी या दुसऱ्या यंत्रावर न जाताच पोत्यांत भरली गेली आणि कोऱ्या कडेनिशी बाजारात आली. देवाचं वाक्य तेव्हा कडेवरच असल्यामुळे या नाण्यांना "देवाविना डॉलर" असं नाव पडलं. पाठोपाठच्या जॉन अ‍ॅडम्स डॉलरात उलटी गफलत झाली, काही नाणी त्या यंत्रातून दोनदा गेली आणि अक्षरांवर अक्षरं पडली. संग्राहक अशा नाण्यांना जादा पैसे मोजतात, त्यामुळे बनावटही होते. सगळ्यांत सोपी बनावट म्हणजे साध्या नाण्याची कड घासून कोरी करणं. इथे सराफ बाजार उपयोगी पडतो. चांगलं नाणं ८.१ ग्रॅम भरतं, व्यास २६.५ मिलिमीटर. दोन दशांश स्थळं दाखवणारा काटा सराफाकडे असतोच, व्यास मोजायचं व्हर्नियर कुठल्याही टर्नरकडे मिळेल. घासलेल्या नाण्याचा व्यास कमी भरतो, वजनही उतरतं आणि भिंगाखाली कडेवर एकाच दिशेच्या बारीक रेघा दिसतात. वजन-व्यास बरोबर आले तरी कोऱ्या कडेसाठी मोठी रक्कम द्यायची असेल, तर नाणं पीसीजीएस किंवा एनजीसी या नाणी प्रमाणित करणाऱ्या संस्थांच्या बंद डबीत असल्याशिवाय देऊ नये.

कडेची अक्षरं उलटी आहेत म्हणून नाणं दुर्मीळ, असंही सांगितलं जातं. तसं नाही. नाणी दुसऱ्या यंत्रात कशीही पडत, कधी चेहरा वर तर कधी पुतळा. त्यामुळे साधारण निम्म्या नाण्यांवर चेहरा वर धरला असता अक्षरं सुलटी दिसतात, निम्म्यांवर उलटी. संग्राहक त्यांना अ आणि ब स्थिती म्हणतात, हौस असेल तर दोन्ही जमवतात, पण त्यासाठी एक रुपयाही जादा देण्याचं कारण नाही. प्रूफ नाण्यांचं वेगळं आहे, तिथे अक्षरं छापतानाच तीन तुकड्यांच्या कड्यात उठवली जातात, म्हणून त्यांची दिशा ठरलेली असते.

आता संच पूर्ण आहे का ते मोजायचं. दर वर्षी चार या क्रमाने २००७ ते २०१५ पर्यंत छत्तीस, २०१६ मध्ये निक्सन, फोर्ड आणि रेगन हे तीन, आणि २०२० मध्ये स्वतंत्र कायद्याने थोरले बुश, असे चाळीस. जुन्या छपाईच्या अल्बममध्ये एकोणचाळीसच खाचा असतात आणि बुश खिशात सुटा दिलेला असतो किंवा दिलेलाच नसतो. हे विचारून घ्यावं. दोन्ही टांकसाळींची नाणी हवी असतील तर आकडा ऐंशीवर जातो.

मोजताना ग्रोव्हर क्लीव्हलँडवर थांबा. ते २२ वे आणि २४ वे असे दोनदा राष्ट्राध्यक्ष झाले, मधल्या चार वर्षांत बेंजामिन हॅरिसन होते, आणि कायद्याने दोन्ही कारकिर्दींचं वेगळं नाणं काढलं. दोन्ही २०१२ चीच, पण चेहरे वेगळे आणि वर्षंही: एकावर १८८५–१८८९, दुसऱ्यावर १८९३–१८९७. घाईत भरलेल्या अल्बममध्ये दोन्ही खाचांत एकच नाणं दोनदा बसवलेलं सापडतं. नावाच्या सारखेपणामुळे आणखी तीन जोड्या उलटसुलट होतात: अ‍ॅडम्स पितापुत्र (२००७ आणि २००८), हॅरिसन आजोबा-नातू (२००९ आणि २०१२), दोन जॉन्सन (२०११ आणि २०१५, यांचं एकमेकांशी नातं नाही). दोन रूझवेल्टही आहेत, २०१३ चे थिओडोर आणि २०१४ चे फ्रँकलिन, पण चष्मा आणि मिशांमुळे तिथे सहसा गोंधळ होत नाही.

जिमी कार्टर यांचं नाणं संचात नाही. ते ३९ वे राष्ट्राध्यक्ष, फोर्ड आणि रेगन यांच्या मधले. पण कायद्याची अट अशी की राष्ट्राध्यक्षाच्या निधनाला किमान दोन वर्षं झालेली असावीत, आणि मालिका २०१६ मध्ये संपली तेव्हा कार्टर हयात होते. त्यांचं निधन २९ डिसेंबर २०२४ रोजी झालं. त्यामुळे "कार्टरचा दुर्मीळ डॉलर मिळवून देतो" असं कुणी म्हणालं, तर ते खासगी कारखान्यातलं पदक आहे हे समजावं. क्लिंटन, धाकटे बुश, ओबामा यांच्या नावाने याच मालिकेतली म्हणून फिरणाऱ्या सोनेरी चकत्यांचंही तेच.

ही अट समजून घेतली की संचाकडे बघण्याची नजर बदलते. राज्यकर्त्याचा चेहरा नाण्यावर ही राजेशाहीची खूण, अशी अमेरिकेच्या पहिल्या पिढीची धारणा होती. १७९२ चा टांकसाळ कायदा होताना राष्ट्राध्यक्षाचा चेहरा छापण्याचा प्रस्ताव आला होता, पण प्रतिनिधिगृहाने तो नाकारला आणि स्वातंत्र्याचं प्रतीकच नाण्यावर राहील असं ठरलं. व्यवहारातल्या नाण्यावर राष्ट्राध्यक्ष येण्यासाठी १९०९ उजाडावं लागलं, तेव्हा लिंकनच्या जन्मशताब्दीचा एक सेंट निघाला. मग १९३२ मध्ये पाव डॉलरवर वॉशिंग्टन, १९३८ मध्ये पाच सेंटवर जेफरसन, १९४६ मध्ये दहा सेंटवर फ्रँकलिन रूझवेल्ट. कॅल्विन कूलिज मात्र पदावर असतानाच १९२६ च्या एका स्मारक अर्ध्या डॉलरवर वॉशिंग्टनच्या जोडीने आले. पुस्तिकेत हा सगळा भाग वगळलेला आहे, याचं वाईट वाटतं. मुलाच्या हातात चाळीस चेहरे द्यायचे आणि चेहरे छापायला इतकी वर्षं का लागली हेच सांगायचं नाही, तर मग पुस्तिका कशासाठी?

किमतीचं गणित सोपं आहे. चाळीस नाण्यांचे बरोबर दोन भाग पडतात. २००७ ते २०११ ची पहिली वीस (वॉशिंग्टन ते गारफिल्ड) व्यवहारासाठी भरपूर पाडली. एकट्या वॉशिंग्टनची दोन्ही टांकसाळी मिळून सुमारे ३४ कोटी. पण एक डॉलरची नोट चालूच ठेवल्यामुळे अमेरिकी माणसाने नाणं खिशात घेतलं नाही. एक अब्जाहून अधिक डॉलर नाणी बँकांच्या तिजोऱ्यांत पडून राहिली, आणि डिसेंबर २०११ मध्ये सरकारने व्यवहारासाठी ती पाडणं थांबवलं. २०१२ च्या चेस्टर आर्थरपासून पुढची वीस फक्त संग्राहकांसाठी निघाली आणि त्यांची संख्या एकदम खाली आली. म्हणून सगळ्या चाळीसांना एकच भाव लावणं चूक आहे. पहिल्या वीसपैकी हाताळलेलं नाणं त्या दिवशीच्या डॉलरच्या दराच्या दीडपटीपर्यंत, कोरं चकचकीत असेल तर दुपटीपर्यंत घ्यावं. पुढच्या वीससाठी दोन ते तीनपट देणं रास्त आहे. यावर विक्रेता चढला, तर त्याने कारण दाखवावं: प्रूफ असेल, प्रमाणित डबीत असेल किंवा कडेची सिद्ध झालेली चूक असेल. "अमेरिकेतून मागवलं" हे कारण होत नाही.

विदेशी नाणी बाळगण्यावर भारतीय रहिवाशाला मर्यादा नाही. मर्यादा परकी नोटांना आहे, नाण्यांना नाही, त्यामुळे तेवढ्यासाठी कचरू नये. फक्त हे लक्षात ठेवा की परकी चलन बदलून देणारे सहसा नाणी घेत नाहीत. उद्या संच नको झाला तर तो संग्राहकालाच विकावा लागेल.

आता धातू. नाशिकला तांब्या-पितळेची भांडी नवीन नाहीत, त्यामुळे हे इथल्या माणसाला पटकन कळेल. नाण्याचा गाभा शुद्ध तांब्याचा आणि त्यावर दोन्ही बाजूंनी मँगनीज पितळेचा थर. त्या थरात ७७ टक्के तांबं, १२ टक्के जस्त, ७ टक्के मँगनीज आणि ४ टक्के निकेल. सोनं नाही. नवं असताना सोनेरी झळाळी येते, हाताळलं की तपकिरी पडत जातं, आणि बोटाचा ठसा राहिला तर तो काही महिन्यांत डाग होऊन उमटतो. हे बिघाडाचं लक्षण नाही, मँगनीज पितळेचा स्वभावच तो. विक्रेत्याकडे काळवंडलेलं नाणं दिसलं म्हणून ते बनावट समजू नये. मात्र घरी आणून चिंच, लिंबू, राख किंवा भांडी घासायची पावडर लावायची नाही. देवघरातला तांब्या आणि संग्रहातलं नाणं यांची निगा एक नव्हे. घासलेल्या नाण्याचा वरचा पातळ थर जातो, टांकसाळीतून आलेली किरणांसारखी चमक कायमची जाते आणि त्याची किंमत दर्शनी मूल्यावर येते. जुनं तेल किंवा चिकटा असेल तर शुद्ध अ‍ॅसिटोनमध्ये, काचेच्या वाटीत, मोकळ्या हवेत आणि आगीपासून लांब पाच मिनिटं बुडवावं, न चोळता काढून तसंच वाळू द्यावं. नखांच्या रंगासाठी मिळणारं द्रव चालत नाही, त्यात तेल आणि सुगंध असतो.

या संचाच्या अल्बमला मागून आणि पुढून पारदर्शक प्लास्टिकचं आवरण आहे, आणि त्याला नव्या रेनकोटसारखा वास येतो. हा वास पीव्हीसीचा असण्याची दाट शक्यता असते. पीव्हीसी मऊ राहावं म्हणून त्यात जे मिसळतात ते हळूहळू बाहेर पडतं, तांबं असलेल्या नाण्यावर हिरवा चिकट थर धरतं आणि पुढे धातू खातं. खात्री करायची असेल तर तांब्याची तार गॅसच्या ज्योतीत लाल करा, प्लास्टिकला टेकवा आणि पुन्हा ज्योतीत धरा. ज्योत हिरवी झाली तर त्यात क्लोरीन आहे. धूर विषारी असतो, म्हणून हे अंगणात किंवा गच्चीवर करावं. पर्याय दोन. २६.५ मिलिमीटरच्या कडक अ‍ॅक्रिलिक कॅप्सूल, म्हणजे बाजूने कड दिसते आणि हात लागत नाही. किंवा दोन इंची चौकोनी कार्ड होल्डर, ज्यांची खिडकी पॉलिएस्टरची असते, पीव्हीसीची नसते. होल्डरला मारलेली पिन पक्कडीने सपाट दाबायला विसरू नका, नाहीतर शेजारच्या नाण्यावर ओरखडा उठतो. आपलं दहाचं द्विधातू नाणं २७ मिलिमीटरचं, त्यामुळे दहाच्या नाण्याची कॅप्सूल या डॉलरला किंचित सैल होते आणि नाणं आत खुळखुळतं. ती घेऊ नका.

पावसाळ्यात नाशिकच्या जुन्या वाड्यांतल्या भिंती ओल धरतात, गोदाकाठच्या गल्ल्यांत तर जास्तच. लाकडी कपाटही टाळावं, लाकडातून निघणारी आम्लं पितळ काळं करतात. स्टीलच्या कपाटात वरच्या खणात, घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह नाणी ठेवावीत. रंग बदलणाऱ्या पुड्या घ्याव्यात, म्हणजे त्या कधी निकामी झाल्या ते दिसतं. पावसाळ्यात त्या दर महिन्याला तपासाव्यात.

पुस्तिकेकडे येऊ. कारकिर्दींची वर्षं बहुतेक बरोबर आहेत, छपाई स्वच्छ आहे, नावांचे उच्चार काही ठिकाणी चुकलेत (११ व्या राष्ट्राध्यक्षांचं आडनाव पोक, पोल्क नव्हे). खरी अडचण गोष्टींची आहे. वॉशिंग्टनच्या पानावर चेरीच्या झाडाची कथा खरी म्हणून दिली आहे. ती एका चरित्रकाराने वॉशिंग्टनच्या मृत्यूनंतर आपल्या पुस्तकाच्या पुढच्या आवृत्तीत घातलेली आहे, तिला समकालीन आधार नाही. त्याच पानावर लाकडी दातांचा उल्लेख आहे. वॉशिंग्टनच्या कवळ्यांत हस्तिदंत, धातू आणि माणसांचे दात होते, लाकूड नव्हतं.

लिंकनच्या पानावर मुलाच्या मुख्याध्यापकांना लिहिलेलं ते पत्र आहे, जे मराठी शाळांच्या भिंतींवर आणि घराघरांत चौकट करून टांगलेलं असतं. त्यातला विचार सुंदर आहे आणि मराठीत तो पिढ्यान्‌पिढ्या रुजला आहे, पण लिंकनने ते लिहिल्याचा कुठलाही पुरावा नाही. त्याच्या संपादित पत्रसंग्रहात ते सापडत नाही. ज्या पानावर हे आहे, तिथे एक खरी आणि आपल्याशी थेट जोडलेली गोष्ट सहज देता आली असती: महात्मा फुल्यांनी १८७३ साली आपला ग्रंथ गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या अमेरिकेतल्या सज्जनांना अर्पण केला होता. लिंकनचं २०१० चं नाणं हातात घेऊन मराठी मुलाला सांगायची गोष्ट हीच आहे. अकरा वर्षांच्या ग्रेस बेडेलने १८६० मध्ये लिंकनला दाढी ठेवायचा सल्ला पत्राने दिला होता, हेही खरं आहे. नाण्यावरच्या दाढीकडे बोट दाखवून ते सांगता येतं. थिओडोर रूझवेल्टच्या पानावर टेडी बेअर आहे आणि ती गोष्ट नीट दिली आहे: १९०२ ची मिसिसिपीतली शिकार, बांधून ठेवलेलं अस्वल मारायला त्यांनी दिलेला नकार, त्यावरचं व्यंगचित्र आणि मग खेळणं. पुस्तिकेचं हे पान सर्वांत चांगलं.

भेट-नाण्यांपैकी पहिला आहे एक सेंट. लिंकनचा चेहरा, आणि त्याच्यासमोर त्याच्याकडे बघणारा केनेडीचा छोटा चेहरा ठोकलेला. विक्रेते याला टांकसाळीची चूक म्हणतात. ही चूक नव्हे. खऱ्या सेंटवर खासगी कारखानदारांनी नंतर केनेडीचा ठसा मारला आणि लिंकन-केनेडी यांच्या योगायोगांची यादी छापलेल्या कार्डावर लावून ही नाणी स्मरणवस्तू म्हणून विकली. ती यादीच आता मराठीत भाषांतर होऊन मोबाईलवरून फिरते आणि पुस्तिकेतही आहे. लिंकनच्या चिटणिसाचं नाव केनेडी होतं हा त्यातला ठळक योगायोग साफ खोटा आहे. त्याच्या एका चिटणिसाचं नाव जॉन निकोले, दुसऱ्याचं नाव जॉन आणि आडनाव 'हे'.

आणि ठशावर ठसा म्हणजे काय, हे नाशिकइतकं चांगलं दुसऱ्या फार थोड्या गावांना कळेल. १९०६ साली जवळच्या जोगलटेंभीला क्षहरात घराण्यातल्या राजा नहपानाच्या चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला, तेरा हजारांहून जास्त. त्यातल्या दोनतृतीयांशांवर गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाच्या चेहऱ्यावर आपली चिन्हं ठोकलेली आहेत. पांडवलेण्यातल्या तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यातला शिलालेख क्षहरातांचं निर्मूलन केल्याचं सांगतो, आणि नाणी तेच धातूत सांगतात. तो राज्यसत्तेने मारलेला ठसा आहे, चलनात चाललेला. सेंटवरचा केनेडी दुकानदाराने मारलेला आहे. दोन्हींतला फरक मुलांना समजावायचा असेल, तर त्र्यंबक रस्त्यावर अंजनेरीच्या पायथ्याशी असलेल्या नाणकशास्त्र संशोधन संस्थेच्या संग्रहालयात त्यांना घेऊन जावं. वजन, धातू, ठसा या क्रमाने नाणं वाचायची सवय तिथे लागते.

दुसरं भेट-नाणं "२४ कॅरेट सोन्याचं" म्हणून येतं. तो साधा डॉलरच आहे, वर विजेने चढवलेला मुलामा. सराफाच्या कॅरेट मोजणाऱ्या यंत्रावर फसू नका, ते पृष्ठभाग वाचतं आणि मुलाम्यावर सोनंच दाखवू शकतं. काट्यावर ठेवा. याच आकाराचं नाणं खरोखर सोन्याचं असतं तर १८ ग्रॅमच्या आसपास भरलं असतं, हे ८ ग्रॅमच्या आगेमागे भरतं. मुलामा चढवलेलं किंवा रंग भरलेलं नाणं संग्राहकाच्या दृष्टीने बाद, त्यामुळे मूळ डॉलरइतकीही किंमत परत मिळत नाही.

विक्रेता सौदा जमवण्यासाठी काही जादा द्यायला तयारच असेल, तर या दोन्हींऐवजी केनेडीचा १९६४ चा अर्धा डॉलर मागा आणि वरचे पैसे खुशाल द्या. केनेडींची हत्या २२ नोव्हेंबर १९६३ ची. नाण्याचा कायदा त्याच वर्षी ३० डिसेंबरला झाला आणि मार्चमध्ये नाणं लोकांच्या हातात होतं. लोकांनी ते खर्च न करता आठवण म्हणून घरात ठेवलं, इतकं की व्यवहारात अर्धा डॉलर दिसेनासा झाला. १९६४ च्या नाण्यात ९० टक्के चांदी, वजन १२.५ ग्रॅम. १९६५ ते १९७० ची ४० टक्के चांदीची, ११.५ ग्रॅम. १९७१ पासूनच्या व्यवहारातल्या नाण्यांत चांदी नाही, ११.३४ ग्रॅम. इथेही कडच उपयोगी पडते: १९६४ ची कड सगळीकडून पांढरी, १९७१ नंतरच्या कडेवर मधोमध तांब्याची तांबूस रेघ. साल, वजन आणि कड, तिन्ही जुळली तरच चांदीचा भाव द्या.

मुलांसाठी घेणाऱ्यांनी चाळीस एकदम घेऊ नयेत. वॉशिंग्टन, लिंकन, दोन्ही क्लीव्हलँड, थिओडोर रूझवेल्ट आणि केनेडी, अशी सहा सुटी नाणी, सहा कॅप्सूल आणि एक भिंग, एवढ्यात वर्षभर पुरेल इतकं शिकण्यासारखं आहे. संग्राहकांनी चाळीस घ्यावीत, पण सुटी, पी आणि डी स्वतः वाचून, २०१२ नंतरची आधी. पहिली वीस पुढेही सहज मिळत राहतील.